शेवटच्या रांगेतला लो ई

दोन कॅबिनेट लावली की आवाज वाढायला हवा. त्या दुपारी तो कमी झाला.

पुण्यातल्या एका नाट्यगृहात जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. रात्री साडेनऊचा प्रयोग, चारला साउंड चेक. त्यातल्या एका वादकाला ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायला लागून तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि दुसरं कॅबिनेट घेण्याची ऐपत पहिल्यांदाच आली होती. माल सेकंड हँड, पण घरी होतं त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा: दहा इंची दोन स्पीकर, आठ ओहम. एकावर एक रचून, दोन्ही केबल लावून त्याने लो ई, चार तारांच्या बेसचा सगळ्यांत खालचा स्वर, वाजवला. पलीकडून ड्रमवाला म्हणाला, "अरे, बेस चालू कर की!"

बेस चालूच होता. हेडचा, म्हणजे कॅबिनेटपासून सुट्या अँपचा, दिवा लागलेला, चारही स्पीकरचे कोन हलताना दिसत होते. तारेवर बोटं पडण्याचा टकटक आवाज येत होता, पण पोटात बसणारा स्वर गायब. त्याने वैतागून खालच्या कॅबिनेटची केबल उपटली, आणि एकट्या वरच्या कॅबिनेटमधून तोच स्वर भरभरून आला.

त्याच्या पिशवीत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी नेहमी असते. ती त्याने काढली. कॅबिनेटला जोडलेल्या केबलचं मोकळं टोक हातात धरलं. जॅकच्या टोकाला बॅटरीचा प्लस टेकवला, मायनसपासून जॅकच्या दांड्यापर्यंत वीतभर तार नेली आणि क्षणभर स्पर्श केला. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात जाळीआड वरच्या कॅबिनेटचे दोन्ही कोन टप्पकन पुढे आले. तीच बॅटरी, तशीच धरून, खालच्याला लावली. कोन आत गेले. पुन्हा लावली, पुन्हा आत.

आधीच्या मालकाने मागची जॅकप्लेट कधीतरी बदलून घेतली होती आणि त्या दुरुस्तीत लाल-काळ्या तारांची अदलाबदल झाली होती. एकटं वाजताना अशा कॅबिनेटमधली खोट कळतच नाही. घेताना त्याने ते अर्धा तास वाजवून पाहिलंही होतं. खोट उघडी पडते ती जोडीदार शेजारी आला की. एक हवा पुढे ढकलतं, तेव्हा दुसरं ती मागे ओढतं. वरचे स्वर त्यातूनही निसटतात, कारण त्यांच्या लहरी आखूड असतात आणि दोन कॅबिनेटमधल्या फूट-दीड फूट अंतरानेही त्यांचा हिशेब बदलतो. लो ईची लहर मात्र आठ मीटरांहून लांब असते. तिच्या लेखी दोन्ही कॅबिनेट एकाच जागी असतात, त्यामुळे वजाबाकी जवळजवळ पुरी होते.

चार स्क्रू, दोन तारा, दहा मिनिटं. रात्रीचा प्रयोग दोन्ही कॅबिनेटवर झाला. पण सामान पारखण्याची त्याची रीत त्या दिवसापासून बदलली. कुठलीही वस्तू एकटी वाजवून तिचा निकाल लावायचा नाही, आणि आपण उभे आहोत तिथे ऐकून तर नाहीच नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं.

खरं तर हे त्याला फार आधी कळायला हवं होतं, कारण त्याचा पहिला अँपही असाच एकट्याने ऐकून घेतलेला होता. कॉलेजात असताना, दुकानातल्या काचेच्या खोलीत, बास आणि ट्रेबलचे नॉब पुढे, मिडचा पार मागे. कानाला गोड, खाली गडगडाट, वर चकाकी. आठवड्याने गच्चीवर बँडसोबत तोच अँप त्याच खुणांवर लावला आणि बेस नाहीसा झाला. आवाज वाढवला तर नुसती घरघर वाढली. खालचा गडगडाट बेस ड्रमने खाल्ला, वरची चकाकी झांजांनी. बेसला स्वतःची जागा मिळते ती साधारण दोनशे ते आठशे हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि तीच त्याने हौसेने कापून टाकली होती.

चार तारांच्या बेसची मोकळी ई तार 41.2 हर्ट्झला बोलते, ए 55 ला, डी 73 च्या थोडी वर, जी 98 ला. पाच तारांच्या बेसवरची लो बी तर 31 हर्ट्झच्याही किंचित खाली. इतक्या खालच्या मूळ स्वराच्या बाबतीत माणसाचा कान मंद असतो. स्वर ओळखू येतो तो बराचसा त्याच्या दुपटी-तिपटी-चौपटीच्या उपस्वरांवरून: 82, 124, 165. म्हणूनच लहानशा रेडिओवरही बेसची चाल आपल्याला गुणगुणता येते, जरी त्या स्पीकरमधून 41 हर्ट्झ जवळपास बाहेरच पडत नसला तरी. दुसरी गोष्ट हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी 1933 मध्ये बेल लॅब्जमध्ये मोजून दाखवली. आवाज जितका हळू, तितके खालचे स्वर कानाला आणखी अंधुक. दुकानात हळू आवाजावर बास भरपूर वाढवून जो तोल साधतो, तो रंगमंचावरच्या मोठ्या आवाजात चिखल होतो. दोष अँपचा नसतोच. ज्या आवाजावर पारख केली, तो आवाजच खोटा असतो.

हे सगळं आकड्यांत समजण्याआधी त्याला एका अंकलने कृतीतून दाखवलं. मूळ गोव्याचे, मुंबईत आयुष्य काढलेले, साठी ओलांडलेले बेसवादक. आज ऑर्केस्ट्रा ज्या गाण्यांवर उभे आहेत, त्यांतल्या बेसच्या चाली टोनी वाझ, चरणजित सिंग यांच्यासारख्यांनी वाजवल्या. त्याच चाली रात्रंदिवस स्टेजवर वाजवणाऱ्या पिढीतले हे अंकल. दुसरा अँप घ्यायला तो त्यांनाच सोबत घेऊन गेला. अंकलनी दुकानातल्या बेसला हात लावला नाही. "तुझा काढ," म्हणाले. केबलही त्याचीच लावायला सांगितली. सगळे नॉब बाराच्या काट्यावर आणले. मग एकेक मोकळी तार त्याला वाजवायला लावून, स्वर विरेपर्यंत थांबून ते ऐकत राहिले. ए तारेपासून ईपर्यंत एकेक पडदा खाली उतरायला सांगितलं. कुठला स्वर दुप्पट फुगतो, कुठला मरतो, कुठे हँडल किंवा जाळी खुळखुळते, हे त्या उतरणीवरच कळतं. खुळखुळली तिथे तळहात दाबून आवाज थांबतो का पाहिलं. मग शेजारच्या कीबोर्डवर ड्रमचा ठेका लावून दिला आणि स्वतः दुकानाच्या दारात, अँपकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

दुकानदार पाहतच राहिला. अंकलनी तीन अँप तसे ऐकले. काचेच्या खोलीत सगळ्यांत मातब्बर वाटलेला अँप दारापर्यंत पोचता पोचता गोधडीत गुंडाळल्यासारखा झाला. मधला, जरा कोरडा, जरा नाकात बोलणारा, तो ठेक्यामधून स्पष्ट येत राहिला. "हा घे बाबा," एवढंच ते म्हणाले. तो अँप पुढे नऊ वर्षं चालला.

वॉटच्या बाबतीत मात्र दुकानातली भाषा आजही फसवी आहे. तीनशेऐवजी सहाशे वॉट घेतले की आवाज दुप्पट होईल, असं नवख्याला वाटतं. दुप्पट वॉटनी फक्त तीन डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. उलट तेच तीन डेसिबल कॅबिनेटमधून फुकट मिळू शकतात. एका वॉटला एक मीटरवर 97 डेसिबल देणाऱ्या कॅबिनेटऐवजी 100 देणारं निवडलं, की अँप न बदलता वॉट दुप्पट केल्यासारखंच झालं. हा आकडा माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो, आणि वादक तोच आधी वाचतो. शिवाय ओहम. हेडवर लिहिलेले वॉट बहुधा चार ओहमचे असतात. आठ ओहमचं एकच कॅबिनेट जोडलं तर त्यातली बरीच ताकद वापरलीच जात नाही. आठची दोन जोडली की चार होतात. तिसरं जोडलं की 2.67, आणि चारच्या मर्यादेचा हेड तिथे तापून बंद पडतो किंवा कायमचा जातो. ऑर्केस्ट्रातल्या घाईत, "हेही लाव ना, पडलंय तर" म्हणून तिसरं जोडताना त्याने लोकांना थांबवलं आहे.

बेसचा अँप ही गोष्टच मुळात वजनाशी झगडत वाढली. लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि 1952 मध्ये त्याच्यासाठी बेसमन नावाचा अँप काढला. पुढचा दहा इंची चार स्पीकरचा बेसमन गिटारवाल्यांनीच पळवला. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात 1962 मध्ये तयार झालेला मार्शलचा पहिला अँप याच बेसमनच्या आराखड्यावर बेतलेला होता. बेसवाल्यांचा खरा कैवारी एव्हरेट हल. तो स्वतः डबल बेस वाजवायचा. डबल बेस ज्या खुंटीवर उभा राहतो, त्या खुंटीत त्याने पिकअप बसवला. अँप्लिफाइड पेग, त्यावरून कंपनीचं नाव अँपेग. 1960 मध्ये आलेल्या पोर्टाफ्लेक्स अँपचा वरचा भाग उलटा करून कॅबिनेटच्या पोटात ठेवता यायचा, प्रवासासाठी. आणि 1969 मध्ये एसव्हीटी: तीनशे वॉट, व्हॉल्व्हवर चालणारा, खाली दहा इंची आठ स्पीकरचं कपाट. त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात रोलिंग स्टोन्सने तो स्टेजवर नेला. त्याच्या हेडचंच वजन चाळीस किलोच्या आसपास.

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सभागृहाच्या मागच्या जिन्यावर हे वजन घेऊन चढून पाहावं. या वादकाने ते केलं आहे, एका मित्राकडून उसना घेतलेला जुना व्हॉल्व्हचा हेड दोघांनी उचलून. तो आवाज त्याला अजून आठवतो, बोट तारेवर जोरात पडलं की किंचित फाटून, तापून येणारा. त्याची सर कशालाच नाही, असं तो मनापासून म्हणतो. तरी आज त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत जो क्लास डी हेड असतो, तो तीन किलोच्या आतला आहे. कॅबिनेटमध्ये निओडिमियम लोहचुंबकाचे स्पीकर, तेही एका हाताने उचलता येणारे. रात्री दीड वाजता रिक्षा मिळते ती अशाच सामानाला. आवाजातली थोडी ऊब गेली, पण महिन्याला पंधरा कार्यक्रम शरीराला झेपू लागले. त्याच्या मते हा सौदा योग्य आहे, आणि चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही बेसवाल्याने पाठीचा विचार आवाजाच्या बरोबरीने करावा.

लहरीच्या लांबीवरून बेसवाल्यांत एक समजूत घट्ट रुजली आहे. लो ईची लहर आठ मीटरांची, म्हणून आठ मीटर लांब गेल्याशिवाय तो स्वर तयारच होत नाही. तोही वर्षानुवर्षं हे दुसऱ्यांना सांगत असे. मग एके दिवशी हेडफोनवर रियाज करताना त्याचं त्यालाच उमगलं. स्पीकर कानापासून एका सेंटिमीटरवर आहे आणि लो ई व्यवस्थित ऐकू येतोय. हवेच्या दाबातला बदल जिथे आहे तिथेच कान टिपतो. त्याला पूर्ण लहरीसाठी जागा लागत नाही. जवळ उभं राहून ऐकू येत नाही, याची कारणं साधी आहेत. कॅबिनेट पोटरीच्या उंचीवर असतं आणि मिड-ट्रेबल सरळ पुढे जातात, कानापर्यंत चढत नाहीत. त्यात भिंतीवरून परतणारे खालचे स्वर काही जागी मूळ स्वराला वाढवतात, काही जागी मारतात. आता तो कॅबिनेट एका रिकाम्या खोक्यावर ठेवतो किंवा मागे कलतं करतो. पोकळ लाकडी रंगमंचावर तर खोक्याखाली रबरी तुकडेही घालतो, नाहीतर फळ्याच बेस वाजवायला लागतात. कोपरा टाळतो, दोन भिंती आणि जमीन मिळून खालचा आवाज इतका फुगवतात की कुठला स्वर वाजला तेच कळू नये.

केबलबद्दल तो थोडक्यात बोलतो, पण ठाम. वाद्यापासून अँपपर्यंतची केबल वेगळी, अँपपासून कॅबिनेटपर्यंतची वेगळी. दोन्हींना तोच पाव इंची जॅक असतो, म्हणून लोक बदलून लावतात. पहिलीच्या आत केसासारख्या तारा आणि भोवती जाळी असते. स्पीकरचा प्रवाह तिच्यातून नेला तर ती तापते, ताकद खाते, कधी हेडलाही घेऊन जाते. नव्या अँपवर पिळून बसणारा स्पीकॉन आला, त्यामुळे हा घोळ कमी झाला. वाद्याची केबल तपासायची तर अँप चालू ठेवून ती जमिनीवर आपटायची. स्पीकरमधून धप्प ऐकू आलं तर ती नको. साध्या, बॅटरी नसलेल्या बेसला लांब केबल लावली की वरची चकाकी कमी होते, म्हणून त्याची तीन मीटरची घरी आणि सहाची स्टेजवर. जॅक तो पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणतो आणि स्वतः सोल्डर करतो. चामड्याचा चार इंची पट्टा घेतल्यापासून डाव्या खांद्याचं दुखणं थांबलं. चार किलोचं वाद्य तीन तास गळ्यात असतं, तेव्हा पट्टा ही शोभेची वस्तू राहत नाही.

अर्थिंगच्या बाबतीत तो कुणाचंच ऐकत नाही. मांडवात, जनरेटरवर, एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लाइटिंग आणि अँप असले की पन्नास हर्ट्झची गुणगुण सुरू होते, आणि ती घालवायला कुणीतरी प्लगची तिसरी पिन काढून टाकायला सुचवतं. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी 1972 मध्ये स्वान्सीत, स्टेजवर, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने गेला. एका हातात तारा, दुसऱ्या हाताशी किंवा ओठांशी माइक: बेस वाजवता वाजवता गाणाऱ्या प्रत्येकाचं शरीर हेच दोन टोकांना जोडत असतं. म्हणून त्याच्या पिशवीत तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर असतो. आधी तो, मग अँप. गुणगुण घालवायला डीआय बॉक्सवर, म्हणजे वाद्याची लाइन थेट साउंड सिस्टिमला देणाऱ्या पेटीवर, ग्राउंड लिफ्टचा खटका आहे. तो फक्त आवाजाच्या केबलमधला दुवा तोडतो, विजेच्या अर्थिंगला धक्का लावत नाही. एका गावी टेस्टरने अर्थिंग नसल्याचं दाखवलं, तेव्हा त्याने मंडळाच्या कार्यकर्त्याला सांगितलं, "भाऊ, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत मी प्लग लावणार नाही." तासभर उशीर झाला. गायिका नाराज झाली. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तर अर्थिंगची तार नुसतीच लोंबत होती.

मग अँप हवाच कशाला, हा प्रश्न त्याला जवळपास प्रत्येक कार्यक्रमात साउंडवाले विचारतात. "दादा, डीआयवरून लाइन द्या, मॉनिटरमध्ये सोडतो तुम्हाला." प्रश्न रास्त आहे. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या विक्रमी खपाच्या रेकॉर्डवर जेम्स जेमर्सनचा बेस बहुतेक थेट लाइनवरूनच घेतलेला आहे. त्याचा अँपेगचा अँप क्लबमध्ये वाजायचा. हजार माणसांच्या मैदानात प्रेक्षकांना जो बेस ऐकू येतो, तो मोठ्या साउंड सिस्टिमचाच असतो. वादक भांडत नाही. लाइन देतो, ईक्यूच्या आधीची, म्हणजे स्टेजवर त्याने नॉब फिरवले तरी बाहेरचा आवाज हलत नाही. पण स्वतःमागे छोटं कॅबिनेट ठेवतोच. मॉनिटरमधला बेस पायाशी, गायकाच्या आवाजात मिसळून येतो. ड्रमवाल्याला ठेका धरायला बाजूने येणारा खरा स्वर लागतो, आणि त्या दोघांचं जमलं नाही तर बाकी कुणाचंच जमत नाही. दोनशे माणसांच्या सभागृहात तर तेच कॅबिनेट मागच्या भिंतीपर्यंत पोचवावं लागतं.

अलीकडे त्याच्याकडे एक मुलगी बेस शिकायला येते. तिचा पहिला मोठा कार्यक्रम त्याच नाट्यगृहात होता, जिथे बारा वर्षांपूर्वी त्याची दोन कॅबिनेट एकमेकांना खात होती. सामान तिचं स्वतःचं, नवं. दुपारी चारला तिने सगळं लावलं, बॅटरीने कोन पुढे येतात ते पाहिलं, सॉकेट तपासला. मग तो म्हणाला, "वाजवत राहा," आणि खाली उतरून पार शेवटच्या रांगेत जाऊन बसला.

लो ई स्वच्छ आला. एफही. तिसऱ्या पडद्यावरच्या जीला मात्र सगळं सभागृह घुमलं, जणू तो एकच स्वर कुणी दुसऱ्या वाद्यावर वाजवला. 49 हर्ट्झ, या भिंतींचं त्या स्वराशी जमतं. त्याने तिथूनच हात वर करून तिला थांबवलं, स्टेजवर आला, पन्नासच्या आसपासचा नॉब अगदी थोडा मागे घेतला आणि पुन्हा मागे चालत गेला.

तिने दोन सूर वाजवले आणि थांबली. "सर, इथे तर पातळ वाटतंय," ती ओरडून म्हणाली.

"वाटू दे. पुन्हा जी वाजव."

तिने वाजवला. तो एक रांग पुढे सरकून बसला, मग आणखी एक, मग कडेच्या खुर्चीवर. "आता ई," तो म्हणाला.